आमच्या घरात इंजिन उभं ठेवत नाहीत

कुणाच्या घरी शनिवारी नखं कापत नाहीत, कुणाच्या घरी उंबऱ्यावर बसत नाहीत, तसं आमच्या घरी इंजिन उभं ठेवत नाहीत. पेट्रोलवर चालणारं कुठलंही लहान यंत्र असू दे, पाणी उपसायचं, फवारणीचं, गवत कापायचं. काम झालं की ते मूळचं जसं बसतं तसंच, आडवं, आपल्या पायांवर बसवायचं. भिंतीला टेकवून टोकावर उभं करायचं नाही. नव्या सुना येतात त्यांना हा काहीतरी कुळाचार वाटतो. थोरल्या भाच्याच्या बायकोनं तर मला सरळ विचारलं, "आत्या, हे खंडोबाचं हाय का भवानीचं?" मी म्हटलं, "वायसरचं हाय." ती हसली नाही. बिचारीनं मान डोलावली आणि मनातल्या मनात आणखी एक देव धरला असावा.

यंदा नवरात्रात बारामतीहून भवानीनगरजवळच्या आमच्या जुन्या घरी गेले, पोर्चमध्ये चपला काढल्या आणि वास आला. भाच्यानं नवीन गवत कापायचं यंत्र आणलंय, ते ऐटीत चपलांच्या मांडणीशेजारी उभं. खाली फरशीवर तळहाताएवढा ओला डाग आणि वर भिंतीवर देवीचं माळ घातलेलं चित्र, त्याच्यापुढं उदबत्ती. मी अशी ओरडले, की शेजारचं कुत्रं उठून गेलं. भाचा म्हणाला, "आत्या, व्हिडिओत असंच उभं ठिवत्यात." म्हटलं, "त्या व्हिडिओतल्या माणसाच्या घरी उदबत्ती लावत न्हायत, आन् त्याला काकी बी नव्हती." मग आधी उदबत्ती विझवली, यंत्र अंगणात उघड्यावर नेलं, पेट्रोलचा कॉक बंद करायला लावला, टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतून घेतलं, उरलंसुरलं संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, गार झाल्यावर झाकणाचं वायसर तपासलं आणि मगच ते गोठ्यात आडवं ठेवू दिलं. भाचा पुटपुटत होता. पुटपुटू दे. इंजिन म्हणजे लेकरू. भरल्या पोटी उलटंपालटं केलं की ओकणारच.

आता ही काकी कोण आणि वायसर कुठलं, ते सांगते.

आमचं घर रस्त्याच्या कडेला, चारी बाजूंनी ऊस. कारखाना सुरू झाला की मळीचा गोडूस वास घरात यायचा आणि भोंग्यावर आमची चूल पेटायची. घरात माझे वडील, म्हणजे तात्या, आई, तात्यांचा धाकटा भाऊ नाना, नानांची बायको, ती काकी, आणि मी, शकू. माझे भाऊ नंतरचे. तात्या शेती बघायचे. नाना बारामतीच्या एमआयडीसीत दुधाची पावडर करायच्या कारखान्यात लागले होते. आईचं आणि काकीचं एकमेकींवाचून पान हलत नसे. दोघी भाकऱ्यांना बसल्या की एकीच्या थापण्याचा आवाज आणि दुसरीच्या बांगड्यांचा आवाज असा काही एकमेकांत बसायचा, की मला अजूनही भाकरीचा वास आला की आधी तो आवाज ऐकू येतो. काकी कारळाची चटणी करायची. तशी चटणी मी नंतर कुठंही खाल्ली नाही, आणि मी खाण्यात कमी केलेली नाही हे माझ्याकडे बघून कुणीही सांगेल. तिचं नाक तर असं तयार, की चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणायची, "शकू, शिंक्यावरचं दूध आज नासणार बघ." आणि दूध नासायचं. माझी वेणी तीच घालायची. आईला केस ओढायची घाई असे, काकीला नसे. आईइतकीच, खरं तर आईपेक्षा थोडी जास्तच, मला ती आवडायची. आई आता नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

काकी तात्यांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडाला तोंड द्यायचं नाही. तात्याही तिच्याशी थेट बोलत नसत. पण एका घरात राहायचं म्हणजे बोलणं तर लागतंच, म्हणून मधे मी. तात्या ओसरीवरून म्हणायचे, "शकू, काकीला सांग, च्या टाक." दोन हातांवर चुलीपाशी बसलेली काकी ते ऐकायची, आधण ठेवायची आणि म्हणायची, "शकू, तात्यांना इचार, गुळाचा का साखरंचा?" तात्या म्हणायचे, "सांग, गुळाचा." मी काहीच सांगायची नाही. नुसती मधे उभी राहायची, तेवढ्यावर रीत पाळली जायची. मी शाळेत गेले की घर मुकं व्हायचं. एकदा मला गोवर आला तर तात्यांना तीन दिवस मीठ कमी असलेली आमटी खावी लागली, सांगणार कुणाकडून?

तात्यांविषयी सांगायचं तर माणूस सोन्यासारखा, पण सहकारात मुरलेला. सोसायटीची सभा, डेअरीची सभा, पाणीवाटपाची सभा, एकही चुकवायचे नाहीत. डोक्याला फेटा, खिशात पेन, आणि उभं राहून प्रश्न विचारायचा. इतक्या सभा ऐकून त्यांची एक पक्की समजूत झाली होती: कुठंही काही कमी पडलं, तर ते कुणीतरी खाल्लं. सांडलं, आटलं, उंदरांनी नेलं, मुळात मापच चुकलं, असल्या कारणांना तात्यांच्या जगात जागा नव्हती. लोणच्याची बरणी खाली गेली तर ते विचारायचे, "कोण खातंय?" लोणचं खाण्यासाठीच घातलेलं असतं, हे त्यांना आईच सांगू जाणे.

इंजिन त्यांचं लाडकं. वीज गेली की विहिरीतून पाणी ओढायला घेतलेलं, दोन माणसांनी दांडीला धरून सहज न्यावं एवढं. त्याच्या टाकीला दोन कप्पे होते, लहान पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. संध्याकाळी उरलेलं रॉकेल तात्या काढून घ्यायचे, कारण ते घरातल्या स्टोला लागायचं. पेट्रोल मात्र टाकीतच राहायचं, त्याचं स्वयंपाकघरात काही काम नव्हतं. त्याच्या ठकठकीवरून तात्या कुठं आहेत ते आम्हाला घरात बसून कळायचं आणि ती थांबली की आई तवा टाकायची.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस तीन गोष्टी झाल्या. पहिली, पेट्रोलच्या झाकणाचं रबरी वायसर चिरलं. ते आणायला बारामतीला जायचं सोडून तात्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला आणि येईल त्याला झाकण उघडून दाखवला. "कंपनी एवढी मोठी, पर डोस्कं चालत न्हाय. फुकटात काम झालं का न्हाय?" लोक म्हणायचे, "व्हय तात्या, झालं." दुसरी, तात्यांनी खताची पोती जास्तीची आणून टाकली, त्यामुळं मागची खोली भरली, तिथं खताशिवाय दुसरा वास येईना आणि इंजिनाला जागा उरली नाही. मग त्यांनी ते दांडी धरून टोकावर उभं केलं आणि पोत्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळात घातलं. आई म्हणाली, "अवो, ते असं उभं राहतंय व्हय?" तात्या म्हणाले, "एस्टीत बघ की. बसल्याली माणसं थोडी, उभी किती मावत्यात!" तिसरी गोष्ट, नानांनी एक जुनी मोपेड घेतली.

तिन्ही गोष्टी घरात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या. तात्यांना तिसरीच तेवढी दिसली.

कारण आठवड्याभरात इंजिनातलं पेट्रोल कमी व्हायला लागलं. संध्याकाळी भरून ठेवावं, सकाळी बघावं तर खाली गेलेलं. तात्यांनी लिंबाची काडी घेऊन, सकाळी पेट्रोल उरलं होतं तिथं तिला खाच पाडली आणि ती रोज टाकीत बुडवून बघू लागले. रोज सकाळी पेट्रोल बरोब्बर त्या खाचेपाशी. केसभर खाली नाही, केसभर वर नाही. एवढी गोष्ट एखाद्याला विचारात पाडायला पुरेशी होती. तात्याही विचारात पडले, आणि त्यातून जे बाहेर आले ते असं: "चोर घरातला हाय. भाईरचा आसता तर समदं नेलं आसतं. ह्यो आपल्याला इंजिन चालू करण्यापुरतं ठिवतोय. माया हाय त्याला."

माया असलेला आणि मोपेड असलेला घरात एकच माणूस होता.

आज मी लिहिताना हसते आहे, पण तेव्हा हसण्यासारखं नव्हतं. तात्या नानांना तोंडावर काही बोलले नाहीत. ते भिंतीशी बोलायला लागले. नाना सकाळी मोपेडला पाय मारायचे, ती फर्र करून सुरू व्हायची आणि तात्या ओसरीवरून भिंतीला सांगायचे, "लोकांची गाडी बरी एका फटक्यात चालू व्हती. आमचं इंजिन मातुर उपाशी." नाना हँडल घट्ट धरून निघून जायचे. मग तात्यांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं. पेट्रोल तरी खाचेपाशी. दुसरं माणूस असतं तर म्हणालं असतं, कुलपाच्या आत चोर कसा जाईल, बघू तरी काय होतंय. तात्या जेवता जेवता म्हणाले, "शकू, सांग तुझ्या काकीला, इंदापुरात तिचा भाऊ किल्ल्या करून देतो म्हनं. चांगला धंदा हाय."

काकीच्या हातातली पळी थांबली. काकीचा भाऊ इंदापूरच्या बाजारात सायकली दुरुस्त करायचा आणि जोडीला किल्ल्या घासून द्यायचा, हे खरं होतं. काकीच्या लग्नात त्यानंच राबून मांडव घातला होता. ती म्हणाली, "शकू, तात्यांना सांग, माझा भाऊ लोकांची कुलपं उघडून देतो, घरं फोडत न्हाय." मी नेहमीप्रमाणे मधे उभी होते. दोघांनीही ऐकलं होतं, तरी त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हे मी खरंच सांगायला नको. तात्या ताटावरून उठले, आणि त्या दिवसापासून काकीनं केलेली भाकरी त्यांच्या ताटात वाढायची बंद झाली. आईनं थापलेली तेवढी ते खायचे. एकाच परातीत मळलेलं पीठ, एकच तवा, तरी ते भाकरीकडे बघून विचारायचे, "ही कुणाची?" काकी रात्री माझी वेणी सोडताना एकच पेड पुन्हा पुन्हा विंचरत बसायची.

नवरात्र बसलं आणि बावड्याहून आबा आले. आबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे मालक. भाऊबंदकी मोडायची असली की पंचक्रोशीत त्यांना बोलावत. मोडायची म्हणजे मिटवायची, असं बोलावणाऱ्यांना वाटायचं. आबांनी चौकशी अशी बसवली, की आमच्या ओसरीवर तालुक्याची कचेरी आली असं वाटावं. लोडाला टेकून, चहावर चहा घेत, त्यांनी तात्यांना विचारलं, आईला विचारलं, मला विचारलं, मोपेडला फेरी मारून पाहिली. इंजिन तेवढं पाहिलं नाही. मी म्हटलं, "आबा, इंजिन बघायचं न्हाय का?" तर म्हणाले, "पोरी, इंजिन काय साक्ष देतंय?" मग निकाल दिला: खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, त्या दिवशी इंजिनासमोर नानांनी बेलभंडारा उचलावा. उचलला तर नाव राहिलं. नाही उचलला तर दसऱ्यापासून चूल वेगळी, घर वेगळं.

नाना म्हणाले, "मी उचलणार न्हाय." आबा म्हणाले, "म्हंजे घेतलंस?" नाना म्हणाले, "घेतलं न्हाय म्हणूनच उचलणार न्हाय. सख्ख्या भावाला देवाची साक्ष लागत आसंल, तर ऱ्हायलंच काय घरात?" आणि त्यांनी एमआयडीसीच्या फाट्याजवळ एक खोली बघून ठेवल्याचं सांगितलं. काकीनं तिची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून काढली. मी त्या ट्रंकेवर जाऊन बसले आणि उठायला नकार दिला. माझं तेव्हा असा हट्ट करायचं वय कधीच सरलं होतं, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. ती गेली तर माझं काय होईल एवढंच डोक्यात होतं. काकी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "येत जा की खोलीवर. चटणी करून ठिवीन." मी ढसाढसा रडले.

खंडेनवमी उजाडली. सकाळी विळे, कोयते, खुरपी, नांगराचा फाळ, सगळं धुऊन देवघराच्या खोलीत मांडलं. तिथंच घट बसलेले, त्यातलं धान्य वीतभर वाढलेलं आणि शेजारी लहानशा समईत अखंड दिवा. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही, हे काम काकीचं. पहाटे उठून वात सारायची, तेल घालायची. तात्यांनी नानांच्या मदतीनं इंजिन आणलं. एवढं वैर, पण इंजिन दोघांनी दोन बाजूंनी उचललं, एकमेकांकडं न बघता. पाटावर ठेवताना नाना ते आडवंच ठेवायला गेले, तर आबा ओरडले, "आरं आरं, देव कुठं आडवा आसतोय व्हय? उभा करा." मग पाटावर इंजिन उभं राहिलं. तात्यांनी आधीच टाकी काठोकाठ भरली होती, सणाच्या दिवशी उपाशी कसं ठेवायचं म्हणून. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, धुरानं खोली भरेल एवढ्या उदबत्त्या लावल्या. पूजेत इंजिन इतकं देखणं दिसत होतं, की मलाही हात जोडावेसे वाटले. पाटापुढं, बरोबर पुढं आलेल्या टाकीच्या खाली, आबांनी तांब्याचं ताम्हण ठेवलं. त्यात बेलाची पानं आणि पिवळाधमक भंडारा.

आबांचं बोलणं सुरू झालं. त्यांना माणसं जमली की थोडक्यात आवरत नसे. त्यांनी कुळ सांगितलं, कुळाचं नाव सांगितलं, नाव कसं जातं ते सांगितलं. नाना खाली बघून उभे. आई डोळे पुसत होती. शेवटी आबा म्हणाले, "नाना, उचल." नाना हलले नाहीत. "उचलतोस का चूल येगळी मांडतोस?" तरी हलले नाहीत. तेवढ्यात काकी पुढं आली. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "शकू, आबांना सांग, मी उचलते. माझ्या भावाचं नाव निघालंय."

कुणी काही म्हणायच्या आत ती ताम्हणापुढं बसली आणि हात घातला. आणि हात तसाच राहिला.

भंडारा ओला होता. सकाळी कोरडा ठणठणीत ठेवलेला भंडारा आता गोळा झाला होता, पिवळा जाऊन शेंदरासारखा लाल दिसत होता. आबांनी वाकून पाहिलं. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "येळकोट! भंडाऱ्याला पाणी सुटलं! देवानं कौल दिला, तात्याराव! खोट्या माणसाच्या हाताला देव कोरडा भंडारा लागू देत न्हाय!" तात्यांनी फेटा सावरून हात जोडले. आईनं जमिनीला डोकं टेकलं. मी रडायला लागले, कारण देवच असं म्हणत असेल तर आता काकी जाणारच.

काकीनं बोटं नाकाशी नेली.

मग वर पाहिलं. टाकीच्या झाकणातून एक थेंब फुगला, झेंडूच्या माळेवरून घरंगळला आणि ताम्हणात पडला. पाटावरून एक ओघळ निघून, रांगोळीची पांढरी कड ओलांडून, अखंड दिव्याच्या बाजूला चालला होता. तात्या हात जोडून त्याच ओघळात उभे, धोतराचा सोगा जमिनीला लागलेला.

"तात्या, मागं सरा!"

खोलीत सगळे दचकले. एवढ्या वर्षांत काकी तात्यांशी पहिल्यांदा बोलली होती आणि ती आरोळी होती. तात्या खरंच मागं सरले, भिंतीवर जाऊन आपटले. काकी उठली, तिनं तो दिवा दोन्ही हातांत उचलला, अंगाशी धरला, पदराचा आडोसा केला आणि सरळ दारातून बाहेर, अंगणात, पार तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. आबा ओरडले, "आगं, अखंड दिवा उंबऱ्याभाईर! घर बुडालं!" काकी तिथूनच म्हणाली, "शकू, आबांना सांग, देवाच्या कौलाला पेट्रोलचा वास येतोय!"

मग सगळेच हुंगायला लागले. अख्खी खोली पेट्रोलनं भरली होती. उदबत्त्या मी उचलून गोठ्याच्या हौदात टाकल्या, ते मला आठवतं. तात्यांना मात्र अजून पटत नव्हतं. ते म्हणाले, "इंजिन गळत न्हाय. वायसर मी सोता बसवलंय." आणि खात्री करायला त्यांनी इंजिन थोडं तिरपं केलं. थेंब थांबला. "बघा," म्हणाले. उभं केलं, थेंब सुरू. परत तिरपं, बंद. परत उभं, सुरू. हे त्यांनी किती वेळा केलं देव जाणे. शेवटी नानांनी इंजिन कलतं धरलं आणि तात्यांनी झाकण उघडलं. झाकणात सायकलच्या ट्यूबचं ते फुकटातलं वायसर पेट्रोल पिऊन पिऊन शिऱ्यासारखं मऊ झालं होतं. तात्यांनी बोट लावलं तर ते बोटालाच आलं. आणि इंजिन उभं केल्यावर झाकणाची खालची कड जिथं येते, तिथवरच पेट्रोल गळतं, पुढं थांबतं, हेही तेव्हाच सगळ्यांना दिसलं. लिंबाच्या काडीवरची खाच तिथलीच होती. माया असलेला चोर तो.

आबांनी घसा साफ केला. माणूस हुशार, निकाल कसाही लागला तरी पंच चुकत नाही हे त्यांना ठाऊक. म्हणाले, "ते काय का आसंना, पूजेतला देव नैवेद्य दावल्याबिगर आडवा करायचा न्हाय. झाकण लावा, उभा करा, पूजा पुरी हू द्या. मग येगळं ऱ्हायचं काय ते बघू. आता ठरलं हाय तर..." झाकण लावलं, इंजिन पुन्हा उभं केलं आणि वायसरच नसल्यामुळं आता ते चांगलंच गळू लागलं. नानांनी पटकन तळहात दाबून धरला. ज्याच्यावर पेट्रोल चोरल्याचा आळ, तो माणूस घराचं पेट्रोल हातानं थोपवून देवापुढं उभा, आणि पंच आरतीचं ताट शोधतोय, असं ते दृश्य होतं. आज कुणी त्याचा मोबाइलवर फोटो काढला असता.

तात्या बोटावरच्या त्या काळ्या लगद्याकडं बघत राहिले. मग दाराशी आले. बाहेर ऊन आणि वारा. काकी तुळशीपाशी तशीच उभी, दिवा छातीशी, समईचं तेल तापून तिच्या हातांना चटका बसत असणार, पण तिनं ती खाली ठेवली नव्हती. ज्योत एकदा पार आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. मी उंबऱ्यात होते, नेहमीची माझी जागा, दोघांच्या मधे. मला वाटलं आता तात्या म्हणतील, शकू, सांग. मी सांगायला तयारच होते. जे म्हणतील ते मी पळत जाऊन सांगणार होते.

तात्यांनी माझ्या डोक्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "आत ये, बाई."

आवाज असा आला, की मला तो त्यांचा वाटला नाही. काकीनं मान वर केली. तात्या पुन्हा म्हणाले, "घरचा दिवा हाय. भाईर नगं उभी ऱ्हाऊ. माझं चुकलं. भावाचं बी नाव घ्याया नगं होतं मी. ये, आत ये."

काकीनं पदर दातात धरला होता. ती तात्यांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरून वाहत होते.

"शकू," ती म्हणाली, "तात्यांना सांग, आधी ते इंजिन आडवं करा."

मी वळले. तोवर तात्या आत गेले होते, आणि आबा "आरती, आरती" करत असताना त्यांनी आपल्या हातांनी इंजिन पाटावर आडवं केलं होतं.